दुखतंय का रे?

घरात कुत्रा नसलेल्यांना या लेखाची सुरुवात जरा पाल्हाळाची वाटेल. थोडा धीर धरा. माझा प्रश्न कुत्र्यापासून सुरू होतो, पण तो तुमच्याही घरात कुठेतरी असणार अशी माझी समजूत आहे.

आमच्या कुत्र्याचं नाव भोपळ्या. इथे मॅडिसनमध्ये एका शेल्टरमधून त्याला आणलं तेव्हा त्याच्या कार्डावर 'पम्पकिन' लिहिलेलं होतं, कारण रंगच तसा. एकदम नवं नाव ठेवलं तर तो बावचळेल म्हणून आम्ही नावाचं नुसतं भाषांतर केलं. (त्याच्या कानांना या दोन शब्दांत काय साम्य वाटलं असेल, देव जाणे. पण दोन दिवसांत ओ देऊ लागला.) लॅब्रॅडॉर आणि मॅस्टिफ यांचं काहीतरी मिश्रण, वजन ४४ किलो, आणि स्वभाव असा की चोर आला तर त्याला घर दाखवील.

२०२१ च्या फेब्रुवारीत, पाच वर्षांचा असताना, मागच्या अंगणात खारीमागे धावता धावता तो एकदम थांबला. ओरडला नाही. डावा मागचा पाय अधांतरी धरून बर्फात उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू हे मीच काहीतरी केलंय. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट गेलं होतं. फुटबॉल खेळणाऱ्यांचं तुटतं तेच. फरक एवढा की माणसाचं ते बहुधा एका झटक्यात तुटतं, कुत्र्याचं मात्र बऱ्याचदा महिनोन् महिने धागा धागा झिजत असतं आणि आपल्याला दिसतो तो शेवटचा धागा. खार बिचारी निर्दोष होती. त्याआधीच्या सगळ्या हिवाळ्यात तो बसताना पाय बाहेर फेकून बसायचा आणि आम्ही त्याचे फोटो काढून 'बघा कसा साहेबासारखा बसलाय' म्हणून घरी पाठवायचो.

शस्त्रक्रियेचं नाव टीपीएलओ. कल्पना मोठी हुशार आहे. कुत्र्याचा गुडघा उभं असतानाही वाकलेला असतो आणि नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. त्यामुळे प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून घसरू पाहतं आणि ते लिगामेंट त्याला धरून ठेवतं. बार्कली स्लोकम या अमेरिकन पशुशल्यविशारदाने म्हटलं, तुटलेली दोरी परत बांधत बसण्यापेक्षा उतारच काढून टाकू. हाडाचा माथा गोलाकार कापायचा, फिरवून सपाट करायचा, धातूची पट्टी आणि स्क्रू लावून टाकायचे. खर्च आला साडेपाच हजार डॉलर. पोस्टडॉकच्या पगारात ही रक्कम म्हणजे काय, हे ज्यांनी पोस्टडॉक केलंय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून उपयोग नाही.

त्यानंतर बारा आठवडे त्याला जवळजवळ कोंडून ठेवलं. पळायचं नाही, उडी नाही, जिना नाही. शू करायला नेतानाही पोटाखालून टॉवेल घालून मागचा भार मी उचलायचा. बारा आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड सुरेख जुळून आलं होतं. डॉक्टरीणबाई खूश, आम्ही खूश. त्या वेळी कागदावर एक ओळ होती, ती मी वाचली होती पण मनावर घेतली नव्हती: सांध्यातली झीज सुरू झालेली आहे, ती शस्त्रक्रियेने थांबत नाही, फार तर मंदावते. हाड जुळलं आणि दुखणं राहिलं. त्या दुखण्याला आता चार वर्षं झाली.

मोठ्या कुत्र्याचं जुनं दुखणं कसं दिसतं, ते सांगते. तो कण्हत नाही. कण्हण्याची वाट बघत बसलात तर तुम्हाला काहीच कळणार नाही. आधी तो दारापाशी येणं बंद करतो, जागेवरूनच शेपटी हलवतो. गाडीत चढण्याआधी एक क्षण थांबून अंतराचा अंदाज घेतो. भार पुढच्या पायांवर टाकू लागतो, म्हणून खांदे पैलवानासारखे होतात आणि मागची मांडी काडीसारखी. रात्री तीनदा जागा बदलतो. गार खोलीतही धापा टाकतो. कुणी गुडघ्याला हात लावला तर ओरडत नाही, फक्त मान वळवून त्या हाताकडे बघतो. आणि यातलं काहीही तो दवाखान्यात करत नाही! तिथे उत्साहाच्या भरात असा तुरुतुरु चालतो की डॉक्टरांना वाटावं, ही बाई उगाच वेळ घालवायला येते.

यातलं निम्मं म्हातारपण म्हणूनही खपून जातं. 'वय झालं आता त्याचं' असं आम्हीही म्हणायला लागलो होतो.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे हाडांच्या झिजेवर संशोधन चालतं, उंदरांवर. म्हणजे दिवसभर माझं एक काम दुसऱ्या एका मुक्या प्राण्याला किती दुखतंय ते मोजणं हे असतं. २०१० मध्ये उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध झाली. डोळे किती मिटलेत, नाक आणि गाल किती फुगलेत, कान आणि मिशा कशा आहेत, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. मी हे गुण झोपेत देऊ शकेन. आणि अशी मी, चार महिने माझ्याच घरात रात्री तीनदा जागा बदलणाऱ्या कुत्र्याला 'वय झालं' म्हणत होते. का? लॅबमधल्या उंदराचं दुखणं मला दिसलं तर मला एक रकाना भरायचा असतो. भोपळ्याचं दिसलं तर मला माझी चूक झाली का हे बघावं लागतं, पैसे काढावे लागतात, पुन्हा तो बारा आठवड्यांचा पिंजरा डोळ्यांपुढे येतो. माझा डोळा तयार होता. बघण्याची तयारी नव्हती.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रश्न जुना आहे. देकार्तने जनावरांची तुलना यंत्रांशी केली. बेंथमने १७८९ मध्ये बुद्धी आणि भाषा बाजूला सारून यातना हाच निकष पुढे आणला. विट्गेनश्टाइनला प्रश्न पडला होता की कुत्र्याला दुखण्याचं सोंग का आणता येत नाही. (त्याने कुत्रा पाळला होता की नाही मला ठाऊक नाही, पण न दुखण्याचं सोंग कुत्र्याला उत्तम येतं.) वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली, त्यात माणूस आपल्या वेदनेचं वर्णन कसं करतो याला मोठं स्थान होतं. २०२० मध्ये ती बदलली आणि सोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटलं की सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही, मग तो माणूस असो वा दुसरा प्राणी. ही दुरुस्ती व्हायला ४१ वर्षं लागली. त्या मधल्या काळात किती तान्ही बाळं आणि किती स्मृती गेलेली म्हातारी माणसं त्या व्याख्येच्या बाहेर उभी होती, याचा विचार केला की भोपळ्याची गोष्ट फक्त कुत्र्याची राहत नाही.

पण मला ज्याने खरं अस्वस्थ केलं ते तत्त्वज्ञान नव्हतं. तो २०१२ चा एक शोधनिबंध होता. सांधेदुखीने लंगडणारे कुत्रे, एका औषधाची चाचणी. त्यात ज्या कुत्र्यांना खऱ्या औषधाऐवजी नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांचे पाय जमिनीवर किती जोर देतात हे यंत्राने मोजलं, आणि मालकांना विचारलं, काय वाटतं? यंत्र म्हणत होतं काही फरक नाही. मालक जवळजवळ ४० टक्के वेळा म्हणत होते, फरक आहे, बरा चालतोय. पशुवैद्यसुद्धा जवळपास तितक्याच वेळा फसले. खोट्या गोळीचा गुण कुत्र्याला आला नव्हता, मालकाला आला होता.

आमच्याकडे अगदी हेच झालं. भोपळ्याला आधी रोजची दाह कमी करणारी गोळी होती, दर सहा महिन्यांनी यकृत आणि मूत्रपिंडासाठी रक्ततपासणी. (जाता जाता: माणसांची आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही देऊ नका. घरातल्या डब्यातली ती साधी गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते.) मग रात्रीसाठी गॅबापेंटिन, ज्याने तो दारुड्यासारखा झोकांड्या खायचा. वजन ४४ वरून ३८ किलोवर आणलं. लॅब्रॅडॉरांवरच्या एका दीर्घ अभ्यासात कमी खायला दिलेले कुत्रे सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा झाली, हे मी आईला सांगितलं. त्यावर आई म्हणाली, "म्हणजे उपाशी ठेवतेस त्याला." तर, या सगळ्यानंतर महिन्यातून एकदा घ्यायचं एक नवं इंजेक्शन आलं. पहिल्या इंजेक्शननंतर मी दहा दिवसांत घरी फोन करून सांगितलं, "अगं, पिल्लासारखा झालाय!" माझ्या डायरीतही तसंच आहे, 'खूप फरक', खाली दोन रेघा.

नवरा माझ्यासारखा डायरी लिहीत नाही. त्याने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे टिपले होते: सकाळी उठून उभं राहायला किती सेकंद लागले, आणि रात्री किती वेळा जागा बदलली. मी महिन्याच्या शेवटी ते कॅलेंडर पाहिलं. उठायला अकरा सेकंद, बारा सेकंद, दहा, बारा. इंजेक्शनच्या आधी अकरा आणि नंतरही अकरा. रात्रीच्या हालचाली तीनवरून दोनवर आल्या होत्या, तेवढंच. पिल्लू माझ्या डोक्यात होतं.

मला लाज वाटली ती फसल्याची नव्हे. या महिनाभरात 'बरा झालाय' म्हणून मी त्याला तळ्याकाठी लांब फिरायला नेत होते. तो येत होता, कारण तो नेहमीच येतो.

त्या इंजेक्शनची गोष्ट इथेच संपत नाही. ते नसांच्या वाढीशी संबंधित एका प्रथिनाला अडवतं आणि वेदनेचा निरोप कमी करतं. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला मे २०२३ मध्ये परवानगी मिळाली. माणसांसाठी याच तत्त्वावरचं एक औषध त्याआधी तयार झालं होतं, पण काही रुग्णांचे सांधे त्यावर असताना फार वेगाने झिजले, आणि २०२१ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याविरुद्ध कौल दिला. कुत्र्यांच्या औषधाबाबतही डिसेंबर २०२४ मध्ये एफडीएने पशुवैद्यांना पत्र लिहून तोल जाणं, झटके येणं अशा तक्रारींची माहिती दिली. मग मी माझ्या कुत्र्याला ते देत राहावं का?

पहिली प्रतिक्रिया सोपी होती: माणसाला जे दिलं नाही ते त्याला कसं देऊ? थोडा विचार केल्यावर ती तितकीशी सोपी राहिली नाही. चाळिशीतल्या माणसाला अजून तीस-चाळीस वर्षं त्या सांध्यावर चालायचं असतं. भोपळ्या नऊ वर्षांचा आहे. त्याच्या आकाराच्या कुत्र्याच्या हातात आता दोन वर्षं, फार तर तीन. त्यातले चारशे दिवस शांत झोपेचे गेले तर ते त्याच्यासाठी पुष्कळ आहेत. पण हे गणित मी मांडलंय. 'चारशे शांत दिवस घे आणि हा धोका पत्कर' असं त्याला विचारायची सोय नाही. पुष्कळ लोक म्हणतात, जनावराला भविष्य कळत नाही म्हणून त्याला कमी दुखतं. मला उलटं वाटतं. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात आपण स्वतःला म्हणतो, सहा आठवड्यांनी बरं होईल. कारण माहीत असणं हीसुद्धा एक वेदनाशामक गोळी आहे आणि ती त्याला मिळत नाही. त्याच्यासाठी एक दिवस मी त्याला गाडीत घालून नेलं, तो झोपला, उठला तेव्हा पाय फाडलेला होता, आणि ज्या बाईवर त्याचा विश्वास होता तिने त्याला बारा आठवडे कोंडलं. कारण काहीच नाही.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्रा कोरडी भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, देवा, कोरडी कशी खाशील म्हणून. मी रोज संध्याकाळी सहाला तुपात बुडवलेली गोळी घेऊन भोपळ्यामागे जाते. वाटी तीच, तूपही तेच, पण माझ्या तुपात काहीतरी लपवलेलं आहे आणि हे आता त्यालाही कळलंय. तो तूप चाटून गोळी अलगद गालिच्यावर ठेवतो. मग मी जबडा उघडून ती आत ढकलते. यात प्रेम आहे, यात जबरदस्तीही आहे, आणि दोन्ही एकाच हाताने होतं.

आईचा उल्लेख दोनदा आला, आता तिच्याबद्दल.

आई वाईला असते, एकटी. दर संकष्टीला ढोल्या गणपतीला जायचं, मग घाटावर बसायचं, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल होतो. ती विचारते, "भोपळ्याचा पाय कसा आहे?" मी सविस्तर सांगते. मग मी विचारते, "तुझा गुडघा कसा आहे?" ती म्हणते, "चालतंय गं." आणि विषय निघून जातो. गेल्या वर्षी मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ आला. कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मागे कुठेतरी आई होती. कठडा धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाऊलं टेकवून उतरत होती. खाली आल्यावर एक क्षण थांबली, आजूबाजूला कुणी बघतंय का ते बघितलं, आणि मग चालू लागली.

मी तो तुकडा चार वेळा पाहिला. कॉलवर आई कायम खुर्चीत बसलेली असते, फोन फुलदाणीला टेकवलेला, छातीपासून वरचं चित्र. तीन वर्षांत मी तिला चालताना पाहिलंच नव्हतं. त्या थांबण्यातलं मला जे कळलं ते भोपळ्यामुळे कळलं. गाडीत चढण्याआधीचा तोच थांबा.

त्या रविवारी मी म्हटलं, "आई, कॅमेरा खाली ठेव आणि स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखव." ती हसली. मग चिडली. मग चालून दाखवलं. घाटावर जाणं सात महिन्यांपूर्वीच बंद झालं होतं. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "तू एवढ्या लांब. सांगून काय करणार होतीस? कामधंदा सोडून येणार होतीस?"

माझी समजूत होती की अडचण भाषेची आहे. भोपळ्याला बोलता आलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण आईला उत्तम बोलता येतं आणि तिने बोलण्याचाच आडोसा केला, माझ्यासाठी. मीही तो सोयीने स्वीकारला. 'कसा आहे' असं विचारलं की 'चालतंय' असं उत्तर येणार हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी ते तसं विचारत होते. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांचा रविवार असा असतो, हे तुम्हीच स्वतःला विचारून बघा. आई आता मिरजेला दाखवून आलीय. डॉक्टर म्हणाले सांधा बदला. ती म्हणाली विचार करते. तो तिचा विचार आहे, आणि एवढं तरी तिचं तिच्याकडे आहे.

भोपळ्याच्या बाबतीत विचार मलाच करायचा आहे, आणि या उन्हाळ्यात तो टाळता येईना. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचं दुसऱ्याही गुडघ्याचं जातं. त्याचा उजवा आता गेलाय, अर्धवट. पुन्हा हाड कापायचं का? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, करता येईल, नऊ वर्षं म्हणजे फार नाही, पण डावा पाय तेवढे आठवडे सगळा भार घेईल का याची शंका आहे. आम्ही नको म्हटलं. पैसे हे कारण नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. ते एक कारण होतं. किती मोठं होतं ते मला नीट सांगता येत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

लॅबमध्ये असं होत नाही. तिथे प्रयोग सुरू होण्याआधी प्राण्यांच्या निगेसाठी असलेल्या समितीपुढे लिहून द्यावं लागतं की उंदराची कोणती अवस्था झाली की त्याला आणखी त्रास न देता मरण द्यायचं. वजन वीस टक्क्यांनी घटलं, किंवा तो खाण्यापर्यंत पोचू शकत नाही, असं काहीतरी ठोस. त्या दिवशी मला कसं वाटतंय, माझा निबंध अडलाय का, याचा संबंध नसतो. (अमेरिकेच्या प्राणिकल्याण कायद्याच्या व्याख्येत प्रयोगशाळेत पैदा केलेला उंदीर 'प्राणी' धरलाच जात नाही, हे नियम दुसऱ्या वाटेने आलेले आहेत. विनोद वाटेल, पण खरं आहे.) ज्या उंदरांना मी नाव देत नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे लेखी शब्द आहे. ज्याला मी नाव दिलं त्याच्यासाठी नाही.

हे मी आईला बोलले तेव्हा ती म्हणाली, "जीव घेणारे आपण कोण?" पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, "किती हाल करतेस मुक्या जनावराचे." दोन्ही वाक्यं तिची, दोन्ही मनापासून. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या एका वासराच्या बाबतीत गांधींपुढे हेच उभं राहिलं होतं. वासराला कूसही बदलता येत नव्हती, उपाय संपले होते. गांधींनी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन द्यायला लावलं आणि ते उघडपणे छापून सांगितलं. संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. मला त्यातली कृतीइतकीच ते जाहीर करण्याची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी 'वासरू गेलं' असं म्हटलं नाही. मी मारलं असं म्हटलं आणि का ते लिहिलं. स्वतःच्या हेतूवर दुसऱ्यांना बोट ठेवू दिलं.

म्हणून ऑगस्टमध्ये एका रविवारी, भोपळ्या बरा असताना, मी आणि नवरा स्वयंपाकघरात बसलो आणि एका कागदावर तीन ओळी लिहिल्या. एक, रात्री सलग चार तास झोपतो. दोन, स्वतः उठून अंगणात जाऊन शू करून येतो. तीन, दारावरची बेल वाजली की उठून दारापर्यंत जातो. यातल्या दोन गोष्टी सलग सात दिवस झाल्या नाहीत, तर डॉक्टरीणबाईंना फोन करायचा आणि त्या वेळी नव्या औषधाबद्दल बोलायचं नाही. खाली एक अट घातली: हा कागद बदलायचा असेल तर तो चांगल्या दिवशीच बदलायचा, वाईट दिवशी नाही. वाईट दिवशी मी ओळ पुढे ढकलीन हे मला कळतं. आणि रात्री तीन वाजता त्याला चौथ्यांदा बाहेर नेऊन आणलेल्या दिवशी कदाचित अलीकडे ओढीन, हेही कळतं. माझ्या आशेपासून त्याला वाचवायचं आहे तसं माझ्या कंटाळ्यापासूनही.

नवऱ्याला तिसरी ओळ पटली नव्हती. बेल वाजल्यावर उठणं ही काय गरज आहे? मी म्हटलं, गरज नाही म्हणूनच ठेवायची. झोप आणि शू उंदरालाही लागते. दारात कोण आलंय ही उत्सुकता म्हणजे भोपळ्या. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने ती ओळ स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली.

कागद फ्रिजवर आहे, कॅलेंडरच्या शेजारी. गेले तीन महिने तिन्ही रकान्यांत खुणा आहेत, मधे मधे गाळलेले दिवस. घरात आता सगळीकडे सतरंज्या आणि रबरी चटया आहेत, फरशी कुठे दिसत नाही; पाहुण्यांना वाटतं आम्ही बारसं काढलंय. गाडीला उतरण्यासाठी फळी केलीय. इंजेक्शन चालू ठेवलंय, आकडे बघून. तळ्यावर जातो ते पहिल्या बाकापर्यंत, तिथे दोघंही बसतो.

काल दुपारी बेल वाजली. कुरिअर होतं, आईने पाठवलेली भाजणी आणि मेतकूट. भोपळ्या त्याच्या गादीवर होता. त्याने मान उचलली, कान टवकारले, दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेपटी दोनदा गादीवर आपटली, चांगली जोरात. उठला मात्र नाही. मी खोका घेऊन त्याच्यापाशी जाऊन बसले, त्याने तो सगळ्या बाजूंनी हुंगला.

संध्याकाळी नवरा खूण करायला पेन घेऊन उभा होता. तिसऱ्या रकान्यात त्याने 'शेपटी' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ती धरायची की नाही, यावर आमचं अजून ठरलेलं नाही.